लाकडी गाडीचे जतन

उद्दिष्टे
हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• लाकडी सांगाड्याच्या मोटारीची रचना सांगू शकाल;
• लाकूड कुजण्याची कारणे व त्यांवरील उपाय स्पष्ट करू शकाल;
• दुरुस्ती आणि सजावट यांतील फरक ओळखू शकाल.

मूळ पाठ

मोटार म्हटली की पोलाद आठवते. परंतु मोटारींचे सुरुवातीचे सांगाडे घोडागाड्या बांधणाऱ्या कारागिरांच्या परंपरेतूनच, लाकडात घडले. पुढे पोलादी पत्रा साच्यात दाबून आकार देणारी यंत्रे आली आणि लाकूड मागे पडले. तरीही काही गाड्यांत ते टिकून राहिले. ब्रिटनमधील ‘मॉरिस मायनर ट्रॅव्हलर’ ही अशीच एक गाडी. ॲलेक इसिगोनिस यांनी आखलेली मूळ मॉरिस मायनर १९४८ साली बाजारात आली. तिचा ट्रॅव्हलर हा प्रकार १९५३ ते १९७१ या काळात तयार होत असे. भारतीय रस्त्यांवर दीर्घकाळ धावलेली ॲम्बॅसॅडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवर आधारलेली होती, तीही याच घराण्यातील.

ट्रॅव्हलरचा पुढचा भाग पोलादी आहे. मागच्या भागाचा सांगाडा मात्र ‘ॲश’ या वृक्षाच्या लाकडाचा असून त्यात ॲल्युमिनियमचे पत्रे बसवलेले असतात. हे लाकूड केवळ शोभेचे नाही. गाडीच्या मागच्या भागाचा भार तेच पेलते. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकांसाठी बाभूळ निवडली जाई. कारण ती धक्के सोसते. ॲशही सरळ रेषांचे, लवचीक आणि धक्के सोसणारे लाकूड आहे. त्याचा दोष एकच : ओलावा साचून राहिला की ते लवकर कुजते.

पाणी नेमके कोठे साचते? सांध्यांत, खालच्या आडव्या पट्ट्यांत आणि सरकत्या काचांच्या खोबणीत. या खोबणीत पुष्कळदा शेवाळ उगवते. म्हणून जतनाचे पहिले काम म्हणजे खोबण्या स्वच्छ ठेवणे आणि गाडी हवेशीर जागी उभी करणे. रोगणाचा थर फुटला की पाणी आत शिरते व लाकूड काळे पडते. अशा वेळी जुना थर खरवडावा, लाकूड पूर्ण वाळू द्यावे आणि मगच नवे रोगण लावावे. ओल्या लाकडावर रोगण चढवले, तर ओल आतच कोंडली जाते आणि वरून चकचकीत दिसणारे लाकूड आतून पोकळ होत जाते.

लाकूड निरोगी आहे की नाही, हे टोचून पाहिले की कळते. बोथट हत्यार सहज आत गेले, तर तेथे कूज आहे असे समजावे. मग कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत कापून काढावा लागतो. त्याजागी तिरका सांधा घेऊन, जलरोधक गोंदाने, वाळवलेल्या ॲशचा नवा तुकडा जोडतात. अनेक भाग बदलायचे असल्यास सांगाड्याला आधार देऊन एकेक भाग बदलावा. अन्यथा त्याचा आकार बिघडतो आणि दारे नीट लागत नाहीत.

काही जण कुजलेल्या जागी लांबी भरून वर रंग चढवतात. ही दुरुस्ती नव्हे; ही फसवणूक होय. तिची किंमत गाडीत बसणाऱ्याला मोजावी लागू शकते. ब्रिटनमध्ये २०१८ सालापासून, मोठे बदल न केलेल्या चाळीस वर्षांहून जुन्या खासगी मोटारींना वार्षिक तपासणी सक्तीची राहिलेली नाही. तरीही गाडी सुरक्षित ठेवण्याचे दायित्व मालकावरच आहे. जेथे तपासनीस नसतो, तेथे कारागिराची सचोटी हीच तपासणी ठरते.

एकेक लाकूड बदलत गेल्यावर गाडी तीच राहते का? जे निरोगी आहे ते राखावे, जे बदलावे लागते ते मूळ पद्धतीने घडवावे आणि केलेल्या बदलांची नोंद ठेवावी. असे केल्यास वस्तूबरोबर तिला घडवणारे कौशल्यही पुढच्या पिढीच्या हाती जाते.

शब्दार्थ
जतन – काळजीपूर्वक सांभाळ. रोगण – लाकडावर लावायचा चकचकीत लेप. दायित्व – जबाबदारी. सचोटी – प्रामाणिकपणा.

स्वाध्याय
१. ट्रॅव्हलरमधील लाकूड केवळ शोभेचे नाही, असे का म्हटले आहे?
२. ओल्या लाकडावर रोगण का लावू नये?
३. ‘कारागिराची सचोटी हीच तपासणी ठरते’ हे विधान तुमच्या परिचयातील एखाद्या व्यवसायाच्या आधारे स्पष्ट करा.