गिब्सनची वाट आणि सोनामुखीचे पान

आपल्या प्रदेशातून पूर्वी हिंडलेल्या वनस्पती-अभ्यासकांचे स्मरण कसे करावे, असा प्रश्न पाचोऱ्यासारख्या लहान गावातही विचारात घेण्याजोगा आहे. पुतळा वा शिळा उभारणे हा एक मार्ग होय. परंतु वैद्य व औषधविक्रेते यांच्यासाठी अधिक उपयुक्त असा दुसरा मार्गही आहे. डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्या कार्याच्या आधारे तो येथे मांडीत आहोत.

गिब्सन यांचे कार्य

गिब्सन (1800–1867) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील स्कॉटिश शल्यवैद्य. दापोडीस येण्यापूर्वी त्यांच्याकडे दख्खन व खानदेशातील देवीची लस टोचण्याचे काम होते. त्या काळी खानदेश हा एकच जिल्हा होता; पूर्व व पश्चिम असे त्याचे विभाजन 1906 साली झाले. लस टोचण्याचे काम गावोगाव फिरल्याखेरीज होत नाही. गिब्सन यांना मराठीही येत असे. वनस्पतींची स्थानिक नावे जाणून घेण्यास अशा माणसाला अनुकूल संधी होती, हे उघड आहे.

पुण्याजवळील दापोडीची बाग 1828 मध्ये, सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना सुरू झाली. 1838 ते 1847 या काळात गिब्सन तिचे अधीक्षक होते. नारायणगावजवळील हिवरे येथील बागेत त्यांनी सोनामुखी, खुरासानी ओवा इत्यादी औषधी वनस्पतींची लागवड करविली. सरकारी दवाखान्यांना लागणारी औषधे येथेच तयार व्हावीत, हा त्यामागील हेतू. 1847 पासून 1860 पर्यंत ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक होते. निकोल डॅलझेल यांच्यासमवेत लिहिलेला त्यांचा 'द बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ 1861 साली प्रसिद्ध झाला.

दापोडीच्या वनस्पतींची सुमारे 170 चित्रे एडिंबरा येथील वनस्पती उद्यानात जतन केलेली आहेत. ती काढणाऱ्या भारतीय-पोर्तुगीज चित्रकाराचे नाव मात्र नोंदले गेले नाही. याउलट मलबारातील 'हॉर्टस मलबारिकस' या बारा खंडांच्या ग्रंथात (1678–1693) वैद्य इट्टी अच्युतन आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या कोंकणी पंडितांची नावे व त्यांची लेखी ग्वाही छापलेली आहे. माहिती देणाऱ्याचे नाव राहिले म्हणून आज आपण त्यांचे ऋण मानू शकतो.

ओळखीचा पाठ : सोनामुखी व तरवड

हिवऱ्यात लावलेली सोनामुखी आज आपल्या प्रत्येक दुकानात आहे. तिच्या पानांत तरवडाची पाने मिसळलेली आढळतात. तरवड आपल्या माळावर व बांधावर मुबलक उगवतो, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

सोनामुखीची पर्णिका भालाकार व टोकदार असते. तिच्या तळाशी दोन्ही बाजू असमान असतात. तरवडाची पर्णिका लंबगोल असून टोक बोथट, त्यावर बारीक अग्र असते. ताज्या फांदीवर ओळख अधिक सोपी : तरवडाच्या पर्णिकांच्या जोड्यांमध्ये ग्रंथी असतात, आणि देठाच्या तळाशी कानाच्या आकाराची उपपर्णे असतात. सोनामुखीस अशा ग्रंथी नसतात. चूर्ण झाल्यावर ही लक्षणे नाहीशी होतात. तेव्हा प्रयोगशाळेत 80 टक्के सल्फ्युरिक आम्लाने परीक्षा करवावी. तरवडाचे चूर्ण किरमिजी होते. हे आम्ल दाहक असल्याने ही परीक्षा दुकानात करू नये.

तरवड हे निरुपयोगी द्रव्य नव्हे. आवर्तकी या नावाने प्रमेहात त्याचा उपयोग प्रसिद्ध आहे. मात्र सोनामुखीचे रेचक कार्य तरवडाच्या पानाकडून होत नाही. रुग्णास गुण आला नाही की वैद्य मात्रा वाढवितो. पुढे शुद्ध माल आला की तीच मात्रा अतिरेचन घडविते. दोष वैद्याच्या माथी येतो, शास्त्राची प्रतिष्ठाही जाते.

आमची सूचना

पाचोऱ्याहून दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगेकडे जाताना माळ, ओढा व पानझडी रान अशा वेगवेगळ्या भूमी लागतात. दरवर्षी पावसाळ्यानंतर वैद्य व औषधविक्रेत्यांनी मिळून या वाटेने एक अभ्यासफेरी काढावी. संरक्षित वनात वनखात्याच्या परवानगीवाचून काहीही तोडू नये. माळावर व बांधावर मालकाच्या संमतीने नमुना घ्यावा.

प्रत्येक नमुना कागदावर वाळवून त्यावर स्थानिक नाव, संस्कृत नाव, शास्त्रीय नाव, स्थळ, तारीख आणि ओळख सांगणाऱ्या व्यक्तीचे नाव लिहावे. शेवटची नोंद वगळू नये. ओळख सांगणारा शेतकरी असो, गुराखी असो वा भिल्ल वस्तीतील वृद्ध, त्याचे नाव त्याच्या संमतीने लिहावे. नमुन्यांची एक प्रत औषधालयात ठेवावी. 2000 साली लागू झालेल्या 'शेड्यूल टी'प्रमाणे औषधनिर्मात्यांना कच्च्या मालाची ओळख पटवून नोंद ठेवावी लागते. त्या कामीही हा संग्रह उपयोगी पडेल.

अशा नमुन्यांशी ताडून घेतलेला माल रुग्णाच्या हाती गेला, तर गिब्सन यांचे व त्यांना पानाफुलांची नावे सांगणाऱ्या अनाम माणसांचे ते उचित स्मरण ठरेल.