हृदय, मन आणि बुद्धी : एका हृदयोपचाराच्या निमित्ताने

रायपूर ही ज्यांची कर्मभूमी, त्या माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांनी लोकमान्य टिळकांच्या 'गीतारहस्या'चा (१९१५) हिंदी अनुवाद केला. संकल्प-विकल्प करणे हे मनाचे व निर्णय करणे हे बुद्धीचे कार्य, असा भेद त्या ग्रंथात मांडला आहे. चरकसंहितेने चेतनेचे स्थान हृदयात मानले. आधुनिक वैद्यकाने ते मस्तकात नेले. तथापि हृदयाच्या एका उपचाराने या दोहोंचा संबंध पुन्हा विचारार्ह ठरविला आहे.

एट्रियल फिब्रिलेशन या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरतात. तेथे साकळलेले रक्त मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. तो न झालेल्या रुग्णांतही स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक आढळते. अशा स्पंदनांचा उगम बहुधा फुप्फुसशिरांच्या मुखाशी असतो, हे १९९८ साली बोर्दो येथील हेसागेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. पुढे मांडीतील शिरेवाटे नळी नेऊन त्या भागाचा हृदयाशी असलेला विद्युत्संबंध तोडण्याची ॲब्लेशन पद्धती रूढ झाली.

या क्रियेत सूक्ष्म गुठळ्या वा हवेचे बुडबुडे मेंदूत जाऊ शकतात. २०१३ सालच्या एका अभ्यासात, ॲब्लेशननंतर ९० दिवसांनी, अधूनमधून उद्भवणाऱ्या विकाराच्या १३ टक्के व टिकून राहणाऱ्या विकाराच्या २० टक्के रुग्णांत बौद्धिक क्षमतेची किंचित घट आढळली. उलट रक्त गोठू न देणारे औषध अखंड चालू ठेवून केलेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मेंदूचे चित्रण केलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत सूक्ष्म व्रण दिसले; तरी तीन महिन्यांनी चाचणीतील एकूण रुग्णांचे गुण थोडे वाढलेच होते. अर्थात तीच चाचणी पुन्हा दिल्यानेही गुण वाढतात, हे विसरता येत नाही.

भाषाभ्यासकाचा प्रश्न येथेच उद्भवतो. अशा चाचणीत एका अक्षराने आरंभ होणारे शब्द सांगावयाचे असतात. देवनागरीत 'क' दिल्यावर 'किल्ला' ग्राह्य की अग्राह्य, हे अनुवादकालाच ठरवावे लागते. मराठी, हिंदी व छत्तीसगढी एकत्र नांदणाऱ्या रायपुरासारख्या नगरात रुग्णाची स्वभाषा न विचारता चाचणी घेतल्यास भाषेची अडचण बुद्धीची उणीव म्हणून नोंदली जाईल. तसेच 'मन लागत नाही', 'आठवत नाही' आणि 'काही सुचत नाही' या तीन तक्रारी एक नव्हेत; पहिली अवधानाची वा खिन्नतेची, दुसरी स्मृतीची, तिसरी विचारशक्तीची. मन व बुद्धी यांतील जुना भेद जाणणारा अनुवादक वैद्याला या ठिकाणी प्रत्यक्ष साहाय्य करू शकेल.