मूळ फाइलला हात लावू नकोस

चि. चिऊस,


प्रकल्पाचा सिक्वेन्सिंग डेटा आला, आता पायथन शिकू की आर, असं तू विचारलंस. ते दोन महिन्यांनी ठरव. आधी टर्मिनलवर हात बसू दे.

माझ्यावर काय बेतलं होतं ते सांगते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मला एका फास्टा फाइलमधले सिक्वेन्स मोजायचे होते. त्यात प्रत्येक सिक्वेन्सच्या नावाची ओळ > या चिन्हाने सुरू होते, म्हणजे ग्रेप या आज्ञेला तेवढ्या ओळी मोजायला सांगितलं की झालं. मी चिन्हाभोवती अवतरणचिन्हं द्यायला विसरले. नुसतं > दिसलं की टर्मिनलमधला शेल समजतो, उत्तर पुढच्या फाइलमध्ये लिहायचंय. आणि लिहिण्याआधी तो ती फाइल रिकामी करतो. एंटर दाबलं आणि चार महिन्यांचं काम शून्य बाइटचं झालं. दुसरी प्रत नव्हती. सगळं पुन्हा जुळवण्यात अख्खा पावसाळा गेला.

म्हणून डेटा आला त्याच दिवशी चेकसम जुळवून बघ, दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेव आणि मूळ फाइलवर लिहिण्याची परवानगीच काढून टाक. मग बाकीचं.

जनुकांची यादी एक्सेलमध्ये सरळ उघडू नकोस. सेप्ट२ या जनुकाची ते गुपचूप २ सप्टेंबर ही तारीख करतं. हा धोका २००४ मध्येच छापून आला होता. तरी २०१६ च्या पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका निघाल्या. शेवटी नामकरण समितीनेच जनुकांची नावं बदलली: सेप्ट२ चं सेप्टिन२, मार्च१ चं मार्चएफ१. २०२० च्या नियमावलीत ते आहे. तुझ्या जुन्या याद्यांत मात्र जुनीच नावं सापडतील, तेव्हा जपून.

पीसीआर लावताना निगेटिव्ह कंट्रोल तू कधी चुकवत नाहीस. मग स्क्रिप्टवर डोळे मिटून विश्वास का ठेवायचा? नेहमीच्या फास्टक्यू फाइलमध्ये एका रीडच्या चार ओळी असतात. पहिल्या ४,००० ओळी वेगळ्या काढ. स्क्रिप्टने १,००० रीड सांगितले नाहीत, तर पुढे जाऊ नकोस. पूर्ण फाइलच्या ओळींना ४ ने भाग जात नसेल तर डाउनलोड अर्धवट तुटलंय का ते आधी बघ. जोडीच्या दोन्ही फाइल्समधले रीड सारखेच भरायला हवेत. मी अजूनही प्रत्येक टप्प्यानंतर असं मोजते. त्यात वेळ जातो असं मला एकदाही वाटलं नाही.

चालवलेली प्रत्येक आज्ञा तारखेसह साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून ठेव, सॉफ्टवेअरच्या आवृत्तीसकट. सहा महिन्यांनी परीक्षक विचारतील, तेव्हा आठवणीवर विसंबू नकोस.

दिवाळीला येशील तेव्हा लॅपटॉप आण. मूळ फाइलची परवानगी काढली आहेस का, ते तू आल्याआल्या मी बघणार आहे.

तुझी,
मावशी