आकडा वाढला, मग पुन्हा वेगळी तपासणी कशाला?

प्रश्न: माझ्या मेहुण्यांना सीएमएल हा रक्ताचा कर्करोग आहे. रोज इमॅटिनिबची गोळी घेतात. निदानाच्या वेळी ‘फिश’ झाली, नंतर दर तीन महिन्यांनी पीसीआर. यंदा आकडा ०.०६ वरून २ टक्क्यांवर गेला आणि डॉक्टरांनी ‘म्युटेशन’ची तपासणी सांगितली. जनुकातला बिघाड आधीच सापडला होता ना? मग आता काय शोधतात?
– एक वाचक, सांगली

उत्तर: तेव्हा सापडलेला बिघाड वेगळा आणि आता शोधताहेत तो वेगळा. या आजारात ९व्या आणि २२व्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून अदलाबदल होते आणि ‘बीसीआर-एबीएल’ हे जोडजनुक तयार होतं. आखूड झालेलं २२वं गुणसूत्र फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफर्ड यांना १९६० मध्येच दिसलं होतं. तुटका तुकडा कुठे जातो, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. ‘फिश’मध्ये या दोन जनुकांवर लाल आणि हिरवे चमकते ठिपके चिकटवतात, ते एकमेकांवर आले, पिवळसर दिसले, की निदान पक्कं. पण काहीशे पेशी मोजून हजारांत एक उरलेली पेशी कशी सापडणार?

म्हणून उपचार सुरू झाल्यावर पीसीआर. गंमत म्हणजे इथे लॅब डीएनए सोडून आरएनए तपासते. डीएनए नेमका कुठे तुटला, ते प्रत्येक रुग्णात निराळं. पण पेशी त्याची आरएनए प्रत काढते तेव्हा मधला बिनकामाचा मजकूर गळतो आणि सांधा बहुतेकांमध्ये एक-दोन ठरावीक जागीच येतो. त्यामुळे एकच तपासणी बहुतेकांना चालते. आरएनए मात्र नाजूक. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त कुरिअरमध्ये दोन-तीन दिवस रखडलं, तर आकड्यावर फारसा भरवसा ठेवू नये. लॅबमध्ये आरएनएवरून आधी डीएनए बनवतात, मग तो फेरीगणिक दुप्पट करत नेतात. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात. मूळ माल जितका जास्त, तितकी यंत्रातली चमक लवकर दिसते. ती कितव्या फेरीला दिसली, यावरून टक्केवारी निघते. ०.१ किंवा त्याखाली आकडा म्हणजे औषध चांगलं लागू पडलंय.

पण पीसीआर नुसतं मोजतं, वाचत नाही. इमॅटिनिब त्या जोडजनुकाच्या प्रथिनातल्या एका खाचेत बसतं. जनुकातलं एकच अक्षर बदललं, तरी खाचेचा आकार बदलतो आणि गोळी बसत नाही. हाच बदल आता शोधायचा आहे. सँगर पद्धतीत अक्षरं ओळीने वाचता येतात, पण सगळ्या प्रतींची सरमिसळ एकदमच वाचली जाते. शंभर जणांच्या भजनात पाच जण बेसूर झाले तर कळत नाही, वीस झाले तर कळतं, सँगरचंही तसंच. नव्या एनजीएस पद्धतीत प्रत्येक प्रत सुटी वाचली जाते, त्यामुळे दोन-तीन टक्केही सापडतात. आकडा ०.०६ असताना ही तपासणी सांगितली नाही ते योग्यच. तेव्हा वाचायला पुरेसा मालच नसतो.

रिपोर्टात ‘टी३१५आय’ हा बदल आला, तर इमॅटिनिब, डॅसॅटिनिब, निलोटिनिब ही तिन्ही औषधं निरुपयोगी. पोनॅटिनिब किंवा असिमिनिब विचारात घ्यावं लागतं. दुसरा बदल निघाला, तर निवड बदलते. आणि काहीच निघालं नाही, तर मेहुण्यांच्या गोळ्या मधल्या काळात किती चुकल्या, हे डॉक्टरांना खरंखरं सांगा. आकडा वाढायचं ते फार नेहमीचं कारण आहे आणि ते कुठल्याही यंत्रात दिसत नाही.