तपासणीतून काय वगळावे?

लंबकाचा दोलनकाल मोजताना दहांपैकी एक निरीक्षण फारच वेगळे आले, तर तुम्ही काय करता? दोरा खुंटीवरून सरकला होता असे दिसले, तर ते वगळता येते. मात्र वहीत कारण लिहावे लागते. संगणकाच्या आज्ञावलीबाबतही असाच प्रश्न येतो. तो कसा, ते पाहू.

मोठी आज्ञावली शेकडो फाईलींत विभागलेली असते. ती न चालवता, नुसती वाचून तिच्यातील संशयास्पद जागा दाखवणारी दुसरी आज्ञावली असते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये ‘सी’ भाषेसाठी अशी ‘लिंट’ नावाची आज्ञावली लिहिली. लिंट म्हणजे कापडाला चिकटलेली बारीक तुसे! किंमत देण्यापूर्वीच वापरलेला चल, कधीच अंमलात न येणारी ओळ, अशा गोष्टी ती दाखवते.

मग काही फाईली वगळायच्या कशाला? एक तर, काही फाईली माणूस लिहीतच नाही. दुसरी आज्ञावली त्या तयार करते. तेथे केलेली दुरुस्ती पुढच्या वेळी पुसली जाते. दुसरे असे की, काही फाईली इतरांकडून जशाच्या तशा घेतलेल्या असतात. त्यांच्याविषयीच्या शेकडो सूचनांत आपली खरी चूक हरवून जाते. म्हणून अशा फाईलींची यादी करून ती तपासणाऱ्या आज्ञावलीला देतात. यादीत * हे चिन्ह ‘कोणतेही नाव’ या अर्थी वापरतात. त्यामुळे एका ओळीत सबंध कप्पा वगळता येतो. पण सावधान! त्या कप्प्यात उद्या आलेली नवी फाईलही न तपासता सुटते.

वगळण्याचे कारण पुन्हा तपासले नाही तर काय होते? ४ जून १९९६ रोजी युरोपचा एरियान-५ अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेची आज्ञावली एरियान-४ साठी लिहिलेली होती. तिच्यातील सात चलांची किंमत मर्यादेबाहेर जाण्याचा धोका अभियंत्यांनी ओळखला होता. चारांना संरक्षण दिले; संगणकावरील भार वाढू नये म्हणून तीन वगळले. एरियान-४ च्या वेगाला ते चालण्यासारखे होते. एरियान-५ चा क्षितिजसमांतर वेग मात्र बराच अधिक होता. वगळलेल्यांपैकी एका चलाची किंमत १६ अंकस्थानांत मावेना, आणि यंत्रणा बंद पडली. येथे फाईली नव्हे, चल वगळले होते. पण बोध तोच.

तेव्हा यादीतील प्रत्येक नावापुढे कारण लिहावे आणि परिस्थिती बदलली की ते पुन्हा वाचावे. आता सांगा पाहू : तुमच्या प्रयोगवहीत कारणाशिवाय खोडलेली निरीक्षणे किती आहेत?