तारेचा फोन आणि नावाची खुर्ची

मी सुकापूरची. गोल्फशी माझा संबंध सिडकोच्या खारघरच्या मैदानाइतकाच, तोही रस्त्यावरून पाहिलेला. पण अटलांटाच्या लेकीला सोडतीत मास्टर्स या गोल्फ स्पर्धेच्या सरावदिवसाची चार तिकिटं लागली आणि ८ एप्रिल २०२४ ला आम्ही पहाटेच ऑगस्टाला निघालो. दुसऱ्या दिवशी पाडवा. निघालो त्या दिवशी सोमवती अमावास्या, वर सूर्यग्रहण. सासूबाई असत्या तर उंबरा ओलांडू दिला नसता.

तिथे फोन आत नेता येत नाही. सापडला तर बाहेर काढतात. म्हणून चौघांचे फोन गाडीत ठेवले. माझी पहिली चूक तिथेच झाली. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, हे कोणी बोललंच नाही.

आत लेकीने घडीच्या खुर्च्या घेतल्या, मागे नावाची चिठ्ठी सरकवली, सोळाव्या होलच्या तळ्याकाठी मांडल्या आणि म्हणाली, "चल आई, फिरू." खुर्च्या टाकून? पनवेल लोकलमध्ये रुमाल टाकून धरलेली जागा मान वळवेपर्यंत जाते! इथली रीत वेगळी. रिकाम्या खुर्चीत कोणीही बसावं, मालक आला की उठावं, पण खुर्ची हलवायची नाही.

जेवणाची मला धास्ती होती. पिमेंटो चीजचं सँडविच निघालं पाव, चीज आणि लाल मिरचीचं, गोडसर, बिनमांसाचं. किंमत दीड डॉलर. अमेरिकेत एवढ्यात पाण्याची बाटलीही मिळायची मारामार.

दुपारी स्वच्छतागृहातून बाहेर आले तर आमचं कोणी दिसेना. चहूकडे टोप्याच टोप्या. फुकट फोन करायला तिथे जुने तारेचे फोन ठेवले आहेत. रिसीव्हर उचलला आणि हात थांबला. लेकीचा नंबर पाठच नव्हता. आठवत होता तो आमचा पनवेलचा बंद पडलेला लँडलाइन. मागचा माणूस गुपचूप वाट पाहत होता. मग उजेड पडला, की नंबर आठवला असता तरी फोन वाजला असता तो गाडीत!

शेवटी विचारत विचारत सोळाव्या होलशी आले. लोक "स्किप! स्किप!" ओरडत होते आणि एक खेळाडू चेंडू पाण्यावरून टप्पे घेत पलीकडे धाडत होता. लहानपणी नदीत चपटे दगड फेकायचो, तसाच. सरावदिवसांची ही गंमत आहे, स्पर्धेत दिसत नाही. माझ्या खुर्चीत एक आजोबा बसले होते. मला पाहताच उठले. तीनच्या सुमारास सगळे फुकट वाटलेले ग्रहणाचे चष्मे लावून वर बघत होते, मी तेवढी वाटेकडे. लेक आली ती भरभर चालत, कारण तिथे पळायला बंदी आहे. चेहरा पांढराफटक, तरी पळाली नाही.

जाणार असाल तर साधारण जूनमध्ये मास्टर्सच्याच संकेतस्थळावर अर्ज भरा. त्याला पैसे पडत नाहीत. दुसऱ्याकडून तिकीट घेऊ नका, फाटकावरून परत पाठवू शकतात. सोमवार ते बुधवार साधा कॅमेरा चालतो, गुरुवारपासून तोही नाही. बुधवारी छोट्या होलची स्पर्धा असते, त्यात खेळाडूंची पोरंबाळं बॅगा उचलतात. नातवंडं सोबत असतील तर तोच दिवस मागा. आणि खुर्ची मांडलीत की तिथेच सगळ्यांना सांगा, हरवलं तर इथे यायचं.