मुलांचे दात आणि घरातील वळण

विनयपिटकातील चुल्लवग्गात दातवणाविषयी एक छोटा भाग आहे. भिक्खू दातवण करीत नसत, त्यामुळे त्यांच्या तोंडाला दुर्गंधी येऊ लागली. हे तथागतांच्या कानावर गेले, तेव्हा त्यांनी दातवण न करण्याचे पाच तोटे सांगितले. डोळ्यांना अपाय होतो, मुखास दुर्गंधी येते, रसवाहिन्या शुद्ध राहत नाहीत, पित्त व कफ अन्नाला वेढतात आणि अन्न रुचत नाही. लगेच पुढे काडीच्या लांबीचा नियम येतो. काही भिक्खू लांबलचक काड्या वापरीत आणि त्याच काड्यांनी श्रामणेरांना मारीत. म्हणून काडी आठ अंगुळांपेक्षा लांब नसावी असे ठरले. एका भिक्खूच्या घशात आखूड काडी अडकली, म्हणून ती चार अंगुळांपेक्षा लहानही नसावी असे ठरले.

दात घासण्याच्या साधनाने लहानांना मारू नये, हे अडीच हजार वर्षांपूर्वी सांगावे लागले! आपल्या घरांत आज काय वेगळे चालते? सकाळी शाळेची घाई, नळाचे पाणी जाण्याची वेळ आणि मोरीपाशी रडणारे मूल. पाठीत धपाटा बसला की मूल त्या दिवशी दात घासते. पण ब्रश म्हणजे मार, एवढेच शिकते.

मुले सांगून शिकत नाहीत, पाहून शिकतात. आई किंवा वडील रोज त्याच वेळी शेजारी उभे राहून दात घासू लागले, तर दोन-तीन आठवड्यांत बराच फरक पडतो. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचा हात नीट वळत नाही. म्हणून आधी त्याला घासू द्यावे आणि मग मोठ्याने एकदा फिरवावे. दाढांच्या मागची बाजू हमखास राहते. वेळ सुमारे दोन मिनिटे. फ्लोराईडची पेस्ट तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी, सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरे. जाहिरातीतल्यासारखा ब्रश भरू नये. यवतमाळ, चंद्रपूरकडील ज्या गावांत पाण्यातच फ्लोराईड जास्त आहे, तेथे दंतवैद्यास विचारूनच पेस्ट निवडावी.

"दुधाचे दात, पडणारच की," असे आजीपासून शेजारणीपर्यंत सगळे म्हणतात. दुधाचे दात वीस असतात. त्यांतल्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकाव्या लागतात. त्या किडल्या तर ठणका लागतो, मूल जेवत नाही, झोपत नाही, वर्गात लक्ष लागत नाही. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे एक दाढ येते. ती कोणत्याही दाताच्या जागी येत नसल्याने पालकांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची असते. ती गेली की पुन्हा येत नाही.

आता थोडे कटू बोलतो. आपल्या कितीतरी घरांत आई, आजी सकाळी मशेरी लावतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. 1992 साली सरकारने तंबाखू घातलेल्या दंतमंजनावर व पेस्टवर बंदी आणली, पण तव्यावर घरी भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार? दात साफ करायचे म्हणजे बोटाने हे काळे लावायचे, असे मूल पाहते आणि एक दिवस डबी उघडते. हे व्यसन आहे; आईला ते एका दिवसात सुटेलच असे नाही, त्यासाठी तिला घरच्यांचा आधार व डॉक्टरांचा सल्ला लागेल. तोवर डबी मुलांच्या हाताला लागू देऊ नये आणि मुलांसमोर लावू नये.

रात्रीचे घासणे सकाळच्याहून महत्त्वाचे. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दातांत राहिलेल्या गोडाचे आम्ल तसेच राहते व दात पोखरते. वर्षावासात विहारात रात्री ग्रंथवाचन होते, शेवटी मुलांच्या हातावर पेढा, बिस्किट पडते आणि पेंगुळलेले मूल खांद्यावरच झोपी जाते. त्या तीन महिन्यांत हा खाऊ वाचनाआधीच वाटावा, शक्यतो शेंगदाणे किंवा केळी द्यावीत. वाचनाला निघण्यापूर्वी घरी जेवण झाले असेल, तरी परत आल्यावर आधी ब्रश, मग अंथरूण.